तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

केस गळत होते म्हणून मी डॉक्टरकडे गेले. त्याच्या कितीतरी आधीपासून शाळेचा जिना चढताना धाप लागत होती, दुपारच्या तासाला फळ्यासमोर उभं राहवत नव्हतं, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडत होत्या. पण त्यासाठी दवाखाना गाठावा असं घरात कुणाला सुचलं नव्हतं. घर आणि नोकरी दोन्ही ओढणारी बाई दमायचीच, असं आपल्याकडे गृहीत धरलेलं असतं. ती स्वतःही तसंच धरून चालते. केसांचं वेगळं असतं. ते उशीवर दिसतात, मोरीच्या जाळीत अडकतात, वरणात सापडले तर घरभर बोलणं होतं. माझ्या अंगातलं लोह कित्येक वर्षं झिरपून चाललं होतं, ते उघडकीला आलं केसांमुळे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी नाशिकला एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागांचं. वय चव्वेचाळीस. आई लहानपणी दोन वेण्या घालायची तेव्हा रिबिनी पुरायच्या नाहीत, इतके दाट केस होते. २०२४च्या पावसाळ्यात शहरात डेंग्यूची मोठी साथ होती, गल्लोगल्ली फवारणी चाललेली असायची. ऑगस्टच्या सुरुवातीला मलाही डेंग्यू झाला. हाडं मोडून काढणारा ताप, मग प्लेटलेट्सची रोजची मोजणी, सासूबाईंनी वाटून आणलेला पपईच्या पानांचा रस, आणि अखेर सुटका. गणपती बसले तेव्हा मी शाळेत रुजू झाले होते. दुखणं संपलं असं सगळ्यांनी धरलं.

ऑक्टोबरच्या मध्यापासून केस जायला लागले. सुरुवातीला कंगव्यात, मग नुसता हात फिरवला तरी बोटांत. नरक चतुर्दशीला पहाटे लेकीनं डोक्याला तेल लावलं आणि हात थांबवून म्हणाली, ‘आई, तुझा भांग केवढा रुंद झालाय!’ तिच्या तळहातावर केसांचा बोळा जमला होता. अभ्यंगस्नानाच्या दिवशी डोळ्यांत पाणी नको म्हणून मी हसून उठले, पण न्हाणीघरात आरशासमोर बराच वेळ उभी राहिले.

दिवाळीला आलेल्या प्रत्येकाजवळ एक उपाय होता. पहिला दोष पाण्याला. आमच्या इमारतीत गंगापूर धरणाचं महापालिकेचं पाणी येतं, उन्हाळ्यात बोअरचं मिसळतात. जड पाण्यानं केस राठ होतात, मधेच तुटतात, हे खरं आहे. पण माझे केस तुटत नव्हते, मुळापासून येत होते आणि प्रत्येकाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका होता. ‘बघ, मूळच निघून आलं,’ असं म्हणून मोठ्या जाऊबाईंनी मला आणखी घाबरवलं. एका मैत्रिणीनं बायोटिनच्या गोड गोळ्यांची बाटली आणून दिली. शेजारच्या आजींनी सांगितलं, रामकुंडावर जाऊन एकदा डोकं उतरवून ये, दुप्पट येतील. गोदाघाटावर क्षौर करून घेणाऱ्यांची रीघ रोजच असते, त्यामुळे हा सल्ला आमच्या गावात फार सहज दिला जातो. मी वर्गात शिकवते तेच त्यांना सांगितलं: आपल्याला दिसतो तो केस मृत असतो, जिवंत भाग त्वचेच्या खाली असतो. वरून कापल्यानं खालची संख्या वाढत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो जाड वाटतो एवढंच.

एका चकचकीत क्लिनिकमध्येही जाऊन आले. तिथे डोक्यावर कॅमेरा फिरवला, मोठ्या पडद्यावर माझी टाळू दाखवली आणि रक्तातून काढलेल्या प्लाझ्माच्या इंजेक्शनांचं मोठ्या रकमेचं पॅकेज पुढे ठेवलं. ताप आला होता का, पाळी कशी आहे, कोणती औषधं चालू आहेत, यातलं काहीही कुणी विचारलं नाही. नवऱ्याला म्हटलं, इथून निघू या. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला निदानाआधी उपचार पटत नाही.

ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे शेवटी गेले त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, ‘ताई, तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?’

मला प्रश्न कळायला क्षणभर लागला. डेंग्यूचं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. माझ्या डोक्याच्या वेगवेगळ्या भागांतले पन्नास-साठ केस चिमटीत धरून हलकेच ओढून पाहिले, हातात आलेले कागदावर ठेवले आणि तो पांढरा ठिपका दाखवला. ते मूळ नव्हे, विश्रांतीला गेलेल्या केसाचं घट्ट झालेलं बुड असतं. मूळ आत शाबूत असतं. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबवतो, पुढे सुमारे तीन महिने नुसता जागेवर बसून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा उगवतो. एरवी दर दहा केसांतला एखादाच विश्रांतीत असतो, म्हणून दिवसाला पन्नास ते शंभर गळले तरी कळत नाही. पण मोठा ताप, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, उपासमारीसारखं डाएट किंवा घरातला मृत्यू असा घाव शरीरावर बसला की वाढीतले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. तीन महिन्यांनी ते एकदम गळतात. टेलोजेन एफ्लुव्हियम हे या प्रकाराचं नाव, १९६१ मध्ये अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञानं दिलेलं. करोनाच्या साथीनंतर घरोघरी केस गेले ते यामुळेच.

मला हे ऐकताना वडिलांची बाग आठवली. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीवर जे डोळे तयार होतात, त्यातच पुढच्या घडांचा निकाल लागलेला असतो. त्या दिवसांत ढगाळ हवा राहिली, पाऊस पडला, तर वेल हिरवीगार दिसते, शेजाऱ्याला शंकाही येत नाही. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून फुटवे आले की मग कळतं, घडच कमी आहेत. तेव्हा ऑक्टोबरच्या फवारण्यांना दोष देऊन उपयोग नसतो. वडील डायरीत मागची पानं उलटायचे.

डेंग्यूमुळे गेलेले केस सहा महिन्यांत आपोआप भरून येतील, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. इथे सुटले असते. पण त्यांनी मला फोनमधले जुने फोटो काढायला सांगितले. डेंग्यूच्या दोन वर्षं आधीचा, भाचीच्या लग्नातला एक फोटो सापडला. त्यातही मधला भांग नेहमीपेक्षा रुंद दिसत होता, गजरा होता म्हणून तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे डेंग्यूच्या आधीपासून काहीतरी चाललं होतं. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि पाळीबद्दल विचारायला सुरुवात केली.

‘अंगावरून जास्त जातं का?’

‘थोडं जास्त. पण आमच्याकडे सगळ्यांनाच तसं आहे.’

‘थोडं म्हणजे किती? रात्री उठून बदलावं लागतं? गाठी पडतात? दोन पॅड एकावर एक लावता?’

तिन्हींना होय म्हणावं लागलं. पाळीच्या दुसऱ्या दिवशी मी गडद रंगाचीच साडी नेसायची, पाठोपाठचे तास नको म्हणून वेळापत्रक बदलून घ्यायची, बाहेरगावचा प्रवास टाळायची. माझ्या आईचंही असंच होतं, मोठ्या बहिणीचंही. म्हणून ते आजारपण आहे असं आम्हा कुणाला कधी वाटलं नव्हतं. मॅडमनी हिशेब मांडला. एक मिलिलिटर रक्तात जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. एका पाळीत ऐंशी मिलिलिटरच्या वर रक्त गेलं तर ते जास्त मानतात. म्हणजे दर महिन्याला चाळीस मिलिग्रॅमच्या वर लोह निघून जातं, आणि चांगलंचुंगलं खाऊनही शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषून घेतं. त्यातलंही बरंचसं रोजची झीज भरण्यात जातं. असं वर्षानुवर्षं चाललं की साठा संपतो. मग शरीर उरलेलं लोह रक्तासाठी राखून ठेवतं. केसांच्या मुळातल्या पेशी अंगातल्या सगळ्यांत भराभर वाढणाऱ्या पेशींपैकी, त्यांना लोह भरपूर लागतं. पण केसांवाचून माणूस मरत नाही, म्हणून त्यांचा वाटा सगळ्यांत आधी कापला जातो.

रक्त तपासायला देण्याआधी त्यांनी बायोटिनच्या गोळ्या बंद करून काही दिवस थांबायला लावलं. हे मला अगदी नवीन होतं. पुष्कळ प्रयोगशाळांच्या तपासणीच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं तर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. टीएसएच खरोखर वाढलेलं असताना नॉर्मल किंवा कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. केस गळतात म्हणून बाई बायोटिन घेते आणि केस गळण्याचं खरं कारण शोधणारी तपासणीच त्यानं बिघडते. या गोळ्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात, म्हणून हे सगळ्यांना माहीत असायला हवं. बायोटिनची खरी कमतरता क्वचित असते, हेही मॅडमनी सांगितलं.

आकडे आले. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन ७, बी-१२ कमी, ‘ड’ जीवनसत्त्व कमी, थायरॉइड ठीक. फेरिटिन म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याची मोजणी. ही तपासणी ऐन तापात केली असती तर फसवी आली असती, कारण जंतुसंसर्गात आणि विशेषतः डेंग्यूत फेरिटिन वाढतं. आणि नुसतं हिमोग्लोबिन पाहूनही भागत नाही. साठा आटत असताना हिमोग्लोबिन बरेच दिवस नॉर्मल राहतं, त्याच काळात केस जायला लागलेले असू शकतात. केसांसाठी फेरिटिन नेमकं किती हवं यावर डॉक्टरांचं एकमत नाही, पण सात हा आकडा कुणाच्याच मते पुरेसा नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीपेक्षा हा आकडा वाढला आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा तक्ता मी पाहिला होता, मुलींना शिकवलाही होता. आता तो पुन्हा काढून पाहिला तेव्हा आमच्या स्टाफरूममधल्या एकेकीचा चेहरा समोर येत गेला.

सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत फायब्रॉइडची गाठ निघाली, कर्करोगाची नव्हे. आणि लगेच नात्यातून सल्ले सुरू झाले: ‘आता काय करायचीय? पिशवी काढून टाक, कटकट जाईल.’ हे वाक्य मी इतक्या बायकांच्या बाबतीत ऐकलं आहे की त्याचा मला राग येतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या तक्रारीवर पहिला उपाय म्हणून पिशवी काढणं हे फक्त उसाच्या फडातच होतं असं नाही. काही बायकांना त्या शस्त्रक्रियेची खरोखर गरज असते. पण त्याआधी कितीतरी पायऱ्या आहेत, आणि त्या बाईला सांगितल्या गेल्या पाहिजेत. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्या शांतपणे सांगितल्या. पाळीच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या, रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं छोटं साधन, जे काही वर्षं काम करतं. गाठ तेवढी काढण्याची शस्त्रक्रिया. आणि सगळ्यांत शेवटी गर्भाशय काढणं. माझी गाठ आतल्या पोकळीत घुसलेली नव्हती, म्हणून मी दुसरा मार्ग घेतला. सुरुवातीला मधेमधे डाग पडायचे, त्याची कल्पना आधीच दिलेली होती. पुढे स्राव इतका कमी झाला की दुसऱ्या दिवशी पिवळी साडी नेसून शाळेत गेले.

लोहाच्या गोळ्यांबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण अनेकजणी त्या सुरू करतात आणि सोडून देतात. गोळी रिकाम्या पोटी लिंबू-पाण्याबरोबर घ्यायची. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांपासून ती दूर ठेवायची. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत निदान चार तासांचं अंतर हवं. आपल्याकडे सकाळची सुरुवात चहानं होते आणि जेवणानंतरही चहा होतो. त्यातली टॅनिनं लोहाला आतड्यातून आत जाऊ देत नाहीत. मला सकाळचा चहा पुढे ढकलणं हेच सगळ्यांत जड गेलं. शौचाला काळं होतं, ते रक्त नव्हे. बद्धकोष्ठ आणि मळमळ होते. मॅडमनी मला गोळी एक दिवसाआड दिली. रोज घेतली तर यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते दुसऱ्या दिवशीच्या लोहाची वाट अडवतं. मधे एक दिवस सोडला की पोटालाही सोसतं आणि शोषणही चांगलं होतं. ज्यांना गोळ्या अजिबात सोसत नाहीत किंवा ज्यांचं रक्त फारच उतरलेलं आहे, त्यांच्यासाठी शिरेतून देण्याचं लोह असतं.

सासूबाईंनी खाण्याचं मनावर घेतलं. अहळिवाचे लाडू, पेठ-सुरगाण्याकडून येणारी नागली, बाजरीची भाकरी, लोखंडी कढईतली मेथी, वर लिंबू पिळून. त्यांचं माक्याचं तेलही चालू राहिलं. मी मॅडमना घाबरत विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, खुशाल लावा, तेलानं केस मऊ राहतो, कमी तुटतो. फक्त तेल मुळाचं पोषण करतं असं समजून तपासणी लांबवू नका. आहारानं भरलेला साठा टिकतो, पण रिकामी झालेली कोठी केवळ लाडवांनी भरत नाही, त्यासाठी औषधच लागतं. हे सासूबाईंनाही पटलं. रात्री माझ्या डोक्याला तेल लावताना त्या एकदा स्वतःच्या बाळंतपणांनंतरच्या पांढऱ्याफटक दिवसांबद्दल बोलल्या. त्यांना तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

मी गोळ्या घेत होते त्याच सुमाराला, जानेवारी २०२५ मध्ये, बुलढाणा जिल्ह्यातल्या बातम्या यायला लागल्या. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस दोन-तीन दिवसांत हातात येत होते, टक्कल पडत होतं. बायका, पुरुष, शाळेतली मुलं, सगळ्यांचे. वर्तमानपत्रातले फोटो पाहून माझ्या पोटात कालवायचं. माझ्या नणंदेचं सासर खामगावचं. ती सांगायची, त्या गावांतल्या लोकांना बाहेर कुणी जवळ बसू देत नाही, न्हावी केस कापायला नाही म्हणतो, ठरलेली लग्नं अडली आहेत. तिथेही पहिला संशय पाण्यावर आणि शाम्पूवर गेला, मग बुरशीवर. आरोग्य खात्याची पथकं आली, पाठोपाठ आयसीएमआरचे शास्त्रज्ञ आले. पाणी, रक्त, केस, धान्य यांचे नमुने गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार शोधून कोकणातले हजारो जीव वाचवले, ते या वयातही त्या गावांत गेले आणि त्यांनी स्वतः नमुने तपासून घेतले. फेब्रुवारीत त्यांचे निष्कर्ष छापून आले: रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम भलतंच वाढलेलं, जस्त घटलेलं, आणि रेशनवर आलेल्या बाहेरच्या गव्हात सेलेनियम स्थानिक गव्हाच्या कित्येक पट. पंजाबच्या काही पट्ट्यांतल्या जमिनीत सेलेनियम मुळातच जास्त आहे, आणि हा गहू तिकडून आला असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच गावांतून नखं गळण्याच्या तक्रारी आल्या. तेही सेलेनियमच्या विषबाधेचं लक्षण आहे.

विज्ञानाच्या तासाला मी हा विषय मुलांपुढे ठेवला. सेलेनियम शरीराला लागतं, पण सूक्ष्म प्रमाणात. कमी पडलं तरी आजार, जास्त झालं तरी आजार. ‘अ’ जीवनसत्त्वाचंही तसंच, अतिरेक झाला की केस गळतात. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत सेलेनियम असतं, ‘अ’ जीवनसत्त्वही असतं. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकदम घेणाऱ्या बाईनं बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली पाहिजेत. बोंडगावच्या माणसांनी चूक काहीच केली नव्हती, त्यांनी रेशनचा गहू खाल्ला होता. पुष्कळांचे केस पुन्हा आले, पण त्या दोन महिन्यांतली त्यांची बेअब्रू कोण भरून देणार?

माझं प्रकरण स्टाफरूममध्ये आणि नात्यात सगळ्यांना कळल्यावर एकेकजण आपापलं सांगू लागली. माझ्या नणंदेला थायरॉइड निघालं. तिचे केस कोरडे पडले होते, वजन वाढलं होतं आणि भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली होती. ती रोज पेन्सिलनं भुवई पूर्ण करायची. एका सहकारी शिक्षकाच्या मुलाला चाई पडली होती, नाण्याएवढी गुळगुळीत जागा. तिथे रोगप्रतिकारक शक्तीच मुळांवर हल्ला करते, आणि डॉक्टरनं त्या जागी दिलेल्या स्टिरॉइडच्या बारीक इंजेक्शनांनी अनेकांचे केस परत येतात. फार मोठ्या प्रमाणावर गेलेल्यांसाठी आता बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आल्या आहेत, त्या सतत देखरेखीखाली घ्याव्या लागतात. दहावीतल्या एका मुलीच्या हनुवटीवर लव आणि डोक्यावर विरळपणा, पाळी तीन-तीन महिने नाही, तिची वाट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणारी. तक्रार एकच, आणि प्रत्येकीच्या अंगात कारण वेगळं. म्हणून एकीला लागू पडलेला उपाय दुसरीनं उचलू नये, असं मी आता ठासून सांगते.

मार्चपर्यंत माझं गळणं नेहमीवर आलं आणि कपाळाच्या कडेनं बोटभर लांबीचे नवे केस उभे राहू लागले. शाळेतल्या मुली त्याला ‘मॅडमचं जावळ’ म्हणायच्या. फेरिटिन वर चढत होतं. तरी मधला भांग पूर्ण मिटला नव्हता. दुर्बिणीसारख्या उपकरणातून पाहून मॅडमनी सांगितलं की तिथे जाड आणि बारीक केस शेजारीशेजारी आहेत. म्हणजे लोहाच्या जोडीला वयानं आणि आनुवंशिकतेनं येणारं विरळ होणंही थोडं आहे. माझ्या आईचाही उतारवयात तसाच भांग होता. त्यासाठी मिनॉक्सिडिल सुरू केलं. हे मूळचं रक्तदाबाचं औषध. १९७०च्या दशकात ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढताना दिसले, तेव्हा टाळूला लावायचं रूप तयार झालं. अमेरिकेत १९८८ मध्ये पुरुषांसाठी आणि १९९१ मध्ये स्त्रियांसाठी त्याला मान्यता मिळाली. गोळे कॉलनीतल्या औषधबाजारातून मी ते आणते. सुरू केल्यावर पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळतात, कारण विश्रांतीतले जुने केस नव्यांना वाट करून देतात. याची कल्पना नसली की बाई घाबरून बंद करते. फरक कळायला चार-सहा महिने लागतात, बंद केलं की मिळवलेलं हळूहळू जातं, कपाळावर ओघळलं तर तिथे लव येते, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं ते वापरायचं नाही. प्लाझ्माच्या इंजेक्शनांचा काहींना उपयोग होतो, पण मला त्याची गरज पडली नाही. केशरोपणाचं तर मॅडमनी साफ नाही म्हटलं. आतलं कारण चालू असताना लावलेल्या केसांचा भरवसा नाही.

आज माझा भांग पूर्वीपेक्षा बरा आहे, कॉलेजातल्या दिवसांसारखा नाही. वेणी बोटभर बारीक झाली ती झाली. जिना मात्र न थांबता चढते, आणि त्याचा मला केसांहून जास्त आनंद आहे.

आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा मुलामुलींना लोहाची निळी गोळी द्यायची असते. सरकारी योजना आहे, साठ मिलिग्रॅम लोह आणि जोडीला फॉलिक अ‍ॅसिड. पुष्कळ मुली मळमळतं म्हणून ती दप्तरात लपवतात, खिडकीबाहेर टाकतात. गोळीवाटपाचं काम आता मी मागून घेतलं आहे. मळमळू नये म्हणून पोषण आहार झाल्यावर, समोर पाणी प्यायला लावून ती देते, आणि मुलींना वेगळं बसवून तेच प्रश्न विचारते जे मला विचारले गेले: रात्री उठावं लागतं का, गाठी पडतात का, दोन पॅड लावावे लागतात का. कोण पाटीवरच्या पेन्सिली खातं, कोण कच्चे तांदूळ, तेही विचारते. मुली आधी लाजतात, मग भराभर सांगतात. पेन्सिली खाणं ही खोड म्हणून आपण रागावतो, पण लोह कमी असलेल्या मुलीला ती ओढ खरोखर लागते.

आठवीतल्या एका मुलीनं तिन्ही प्रश्नांना होय म्हटलं. तिच्या आईला बोलावून घेतलं, जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली, हिमोग्लोबिन सात निघालं आणि उपचार सुरू झाले. आई सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. परवा ती शाळेत रिपोर्ट दाखवायला आली तेव्हा डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला होता. म्हणाली, केस फार गेलेत मॅडम, कुठलं तेल चांगलं? मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि पाळीबद्दल विचारलं. पुढच्या सोमवारी ती तिच्या मुलीबरोबरच रक्त तपासायला जाणार आहे.